माळ्यावरच्या बशा आधी उपड्या करून बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि सोबतचे फोटोही दोनदा नीट बघितले. पंचवटीतल्या आजोळच्या वाड्याचं पाडकाम महिनाभरात सुरू होणार आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत अकरा निळ्या-पांढऱ्या बशा, सहा पातळ कपबश्या, एक जाड हिरवट थाळा, लोणच्याच्या दोन बरण्या आणि तारेचे टाके मारलेली एक फुटकी वाटी निघाली. मामा म्हणतात सगळं पेशवाईतलं आहे, 'मिंग' आहे, म्हणजे चीनच्या जुन्या मिंग राजघराण्याच्या काळातलं. एक खरेदीदार येऊन बशा, कप आणि थाळा यांचा एकगठ्ठा भाव सांगून गेला, बरण्या नको म्हणाला आणि फुटकी वाटी 'तशीच द्या' म्हणाला. विकावं का, धुवावं कसं आणि यातूनच संग्रह सुरू करायचा तर कुठून, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी तीसेक वर्षं नाशकात ही भांडी गोळा करतो, फुटलेली जोडतो आणि लोकांना ओळखून देतो. आधी एक कळकळीची विनंती. वाडा उभा आहे तोवर एक वही घ्या आणि लिहून काढा: पेटी कुठल्या खोलीच्या माळ्यावर होती, कशात गुंडाळलेली होती, कोणती वस्तू कोणत्या वस्तूत बसवली होती. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली असतील तर ते कागद फेकू नका, त्यांवरची तारीख हा पुरावा आहे. मामांना आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा की या बशा कधी बाहेर निघायच्या, कोणासाठी निघायच्या. वाडा पडला की हे कोणीही सांगू शकणार नाही. एखादी बशी पुन्हा कुठेतरी मिळू शकेल, पण ती कोणत्या घरात कशी आली ही माहिती एकदा गेली की गेलीच.

आणि अजून काहीही धुऊ नका. फोटोत बशांच्या कडेला तपकिरी बारीक रेषांचं जाळं दिसतंय. झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, आणि आतली माती भाजल्यावर सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, त्यामुळे झिलईला असे केसासारखे तडे जातात. त्यात वर्षानुवर्षं तेल, चहा, गाळ शिरतो. गोदाकाठच्या वाड्यांतून निघालेल्या बशांवर मला हा रंग नेहमी दिसतो. तुमची पेटी १९६९ च्या महापुरात तळघरात किंवा खालच्या खोलीत होती का, हेही मामांना विचारा. हे डाग काढायला लोक कपडे पांढरे करायचं पाणी वापरतात. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. डाग फिका झाला, पण सहा महिन्यांनी मातीत राहिलेला क्षार फुलून वर आला आणि झिलईचे पापुद्रे निघायला लागले. ती बशी मी आजही जपून ठेवली आहे, शिकायला येणाऱ्यांना दाखवतो.

आता बशांकडे येऊ. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावून बशी त्यासमोर धरा आणि मागून बोटं फिरवा. बोटांच्या सावल्या पलीकडून दिसल्या तर ते पोर्सेलीन. दिसल्या नाहीत तर बहुतेक ती पांढरी झिलई दिलेली साधी माती आहे. (जाड पोर्सेलीनमधूनही उजेड जात नाही, म्हणून थाळ्याला ही परीक्षा लावू नका.) मराठीत आपण दोन्हींना 'चिनी माती'च म्हणतो आणि सगळा घोळ तिथे सुरू होतो. खऱ्या पोर्सेलीनला दोन गोष्टी लागतात: केओलिन ही पांढरी माती आणि एक विशिष्ट दगड कुटून केलेली भुकटी. १३०० अंशांच्या आसपास भाजल्यावर दगड वितळून मातीच्या कणांमध्ये काचेसारखा भरतो. म्हणून टवका उडाला तरी आतला भाग काचेसारखा चकचकीत दिसतो आणि पाणी पीत नाही. साध्या मातीच्या बशीचा टवका खडूसारखा असतो, जीभ लावली तर चिकटते. तुमच्या तिसऱ्या फोटोत कडेचा जो टवका दिसतोय तो सरळ खडूसारखा आहे.

बशीच्या मागे बसलेला स्फिंक्स, 'मास्ट्रिख्ट' हे गाव आणि 'मेड इन हॉलंड' असा शिक्का आहे. म्हणजे हा नेदरलंड्समधल्या मास्ट्रिख्टच्या पेट्रुस रेगू यांच्या कारखान्याचा माल. मामांचा मान राखून सांगतो, पेशवाई १८१८ ला संपली आणि हा शिक्का त्याच्या बराच नंतरचा आहे. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ते अमलात आल्यावर, म्हणजे १८९१ पासून, युरोपातले कारखाने देशाचं नाव छापायला लागले. 'मेड इन' हे शब्द बहुतेक वेळा त्याहूनही पुढचे, विसाव्या शतकातले.

नक्षी बघा. वाकलेलं झाड, पूल, पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी. याला विलो म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं चीनचं चित्र आहे, पण ही रचना इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या शेवटी चिनी बशांवरून बेतून तयार केली. तिला जोडलेली प्रेमी युगुलाची गोष्टसुद्धा नंतर इंग्लंडमध्येच रचली गेली. पुढे डच कारखान्यांनी इंग्रजांचं चित्र उचललं आणि तो माल जहाजाने मुंबईत उतरला. आता किनारीवरची नक्षी बोटाने गोल फिरत तपासा. एका जागी ती नीट जुळत नाही, कळी अर्धवट कापली गेलेली दिसेल. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र पातळ कागदावर छापून तो कागद बशीवर चिकटवत, आणि किनारीची पट्टी जिथे संपते तिथे हा सांधा येतो. हाताने रंगवलेल्या बशीत असा सांधा कधीच नसतो, तिथे कुंचला उचलल्याच्या जागी रंग दाट झालेला असतो. बशीच्या पाठीवर तीन-तीन टिंबांचे गट दिसतील. भट्टीत एकावर एक बशा ठेवताना मध्ये तिकाटणं घालत, त्याच्या त्या खुणा.

तुमच्या बशा १०० ते १२० वर्षांच्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. त्या काळात नाशिकच्या घरात त्या कशा आल्या हे समजायला अवघड नाही. १८६५ मध्ये थळ घाटातला रेल्वेमार्ग खुला झाला आणि मुंबईच्या गोदीतला नाजूक माल बैलांच्या पाठीवर न हिंदकळता नाशिक रोडपर्यंत यायला लागला. पण या बशा स्वयंपाकघरात जात नसत. सोवळ्याच्या घरात तांब्या-पितळेलाच मान, आणि आपल्या भांडी बाजारात तेव्हा तेच मिळायचं. चिनी बश्या ओसरीवरच्या कपाटात असत, साहेब, डॉक्टर, मामलेदार आले की निघत. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झालं, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद उभा राहिला, प्रायश्चित्त घ्यावं लागलं. त्या काळात चहाची कपबशी घरात असणं ही साधी गोष्ट नव्हती. म्हणून मी विचारलं, या बशा कोणासाठी निघायच्या.

पातळ कप जपानी आहेत. बशीखाली 'मेड इन जपान' आहे, म्हणजे साधारण १९२१ नंतरचे. त्याआधी जपानी निर्यातीच्या मालावर बहुधा 'निप्पॉन' असे, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंत काही मालावर 'ऑक्युपाइड जपान'. तुम्ही फोटो वरून काढलेत, त्यामुळे एक गोष्ट सुटली असेल. रिकामा कप खिडकीकडे धरून आत बघा. बहुतेक बुडातून एका जपानी बाईचा चेहरा, अंबाडा, डोळे, सगळं छायाचित्रासारखं उमटेल. तो रंगवलेला नाही. बुडाची जाडी कमी-जास्त ठेवलेली असते. पातळ जागेतून उजेड जास्त येतो, जाड जागी सावली पडते. ही कला फ्रान्समध्ये १८२७ ला पेटंट झाली होती, जपान्यांनी ती कपात आणली. लहान मुलांना हा कप दाखवला की ती तासभर सोडत नाहीत. बाजारात याला फार भाव नाही, कारण हे लाखोंनी बनले. तरी सहाच्या सहा बिनतड्याचे राहिलेत ही चांगली गोष्ट आहे. देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या लिलावांत मी असे कप पाहिलेत. लष्करातले साहेब बदलून जाताना सामान विकून टाकत, ते शहरातल्या घरांत येई. घरातलं कोणी छावणीत नोकरीला किंवा ठेकेदार होतं का, विचारून ठेवा.

थाळ्याबद्दल फोटोवरून बोलणार नाही. हिरवी झिलई असलेलं भांडं चीनच्या लोंगछुआन भट्ट्यांचं शेकडो वर्षांपूर्वीचं असू शकतं, तसंच थायलंड, जपानचं पन्नास वर्षांपूर्वीचंही असू शकतं. आपल्याकडे जुन्या हिरव्या थाळ्यांना 'घोरी' म्हणत आणि विष घातलेलं अन्न वाढलं की थाळा तडकतो किंवा रंग बदलतो अशी समजूत होती. ती खरी नाही, पण तिच्यामुळेच मोगल दरबारापासून तुर्कस्तानच्या तोपकापी राजवाड्यापर्यंत या थाळ्यांना जागा मिळाली. थाळा उपडा करा. बुडाला झिलई नसलेलं एक कडं आहे का, ते विटेसारखं तांबूस भाजलेलं आहे का, आणि थाळा हातात अपेक्षेपेक्षा जड लागतो का, एवढं मला कळवा. कडं पांढरंशुभ्र आणि गुळगुळीत असेल तर आनंदाने रोजच्या वापरात घ्या.

आता ती फुटकी वाटी. तुम्ही लिहिलंय की ती टाकूनच देणार होतात. कृपा करून टाकू नका आणि 'तशीच' तर मुळीच देऊ नका. थाळ्याचं अजून ठरायचंय, पण तुमच्या पेटीतली चीनमधून आलेली वस्तू माझ्या मते ती आहेच.

तिच्यावर गुलाबी, हिरवा आणि थोडा सोनेरी रंग आहे, पाकळ्यांना हात लावला तर किंचित उंचवटा लागेल. हा गुलाबी सोन्याच्या सूक्ष्म कणांपासून मिळतो आणि १७२० च्या दशकापासून चिनी भांड्यांवर दिसायला लागतो. वाटी घडायची चीनमधल्या जिंगदेझेनला. हे गाव १००४ साली, सम्राट झेनझोंगच्या 'जिंगदे' कालखंडात, त्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं आणि तिथली पांढरी माती जवळच्या गाओलिंग टेकडीवरची. 'केओलिन' हा शब्द त्या टेकडीचाच. कोरी भांडी तिथून दक्षिणेला कँटन बंदरात (आजचं ग्वांगझू) जात, तिथले चित्रकार परदेशी गिऱ्हाइकांच्या पसंतीने त्यावर फुलं, माणसं रंगवत आणि पुन्हा हलक्या भट्टीत भाजत. मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू कँटनला जाई, परतीच्या जहाजात चहा, रेशीम आणि ही भांडी येत. जमशेटजी जीजीभाईंसारख्या पारशी व्यापाऱ्यांनी हा व्यापार केला, आणि म्हणून आजही मुंबईच्या जुन्या पारशी घरांत कँटनची भांडी आढळतात. तुमची वाटी एकोणिसाव्या शतकातली वाटते. थाळा जुना निघाला नाही तर पेटीतली ही सगळ्यात जुनी वस्तू असेल, आणि त्यातही काही अंशी मामांचा शब्द खरा ठरेल.

आणि टाके बघा. भिंगाखाली धरलं तर दिसेल, प्रत्येक टाक्याच्या दोन टोकांना दोन भोकं आहेत, पण ती आरपार नाहीत. वाटीची जाडी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. हिऱ्याची कणी बसवलेल्या धनुकलीच्या सामत्याने, म्हणजे दोरीने फिरवायच्या गिरमिटाने, कारागीर अर्ध्या जाडीपर्यंत तिरकं भोक पाडायचा, तापवलेली तार त्यात अडकवायचा आणि तार थंड होऊन आकसली की दोन्ही तुकडे घट्ट ओढले जायचे. आत बघितलं तर नुसती एक रेष. डिंक नाही, सरस नाही. अशी जोडलेली वाटी पाणी धरते. कोणीतरी या वाटीवर एवढा खर्च केला, म्हणजे घराला ती प्रिय होती. काही जण सांगतील की टाके काढून आधुनिक पद्धतीने जोडून रंग भरून घ्या. मी जोडणारा माणूस आहे तरी सांगतो, ते टाके काढू नका.

रंग भरण्याचं म्हणाल तर सुरुवातीला मी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून एक निळी सुरई विकत घेतली होती. कांगशी या चिनी सम्राटाच्या काळातली, म्हणजे १६६२ ते १७२२ मधली, असं सांगितलं होतं. खिडकीजवळ ठेवली. दोन उन्हाळे गेले आणि मानेचा भाग पिवळा पडायला लागला. मान तुटलेली होती, बसवून वरून रंग फवारला होता. तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूच्या कडेवरून दात हलकेच फिरवतो. झिलई दाताला काचेसारखी टणक आणि थंड लागते, रंग मऊ लागतो. आता अतिनील उजेडाचे छोटे टॉर्च मिळतात, अंधारात ते मारले की पुष्कळ नव्या दुरुस्त्या वेगळ्या चमकतात.

मामांच्या 'मिंग'चं मूळही बहुधा असल्याच एखाद्या ऐकीव गोष्टीत आहे. मिंग घराणं १३६८ ते १६४४. नंतरच्या कारागिरांनी जुन्या सम्राटांच्या नावाचे शिक्के आदराने आपल्या भांड्यांवर लिहिले, विशेषतः चेंगह्वा (१४६५ ते १४८७) या सम्राटाचा. नंतर तेच शिक्के फसवायलाही वापरले गेले. त्यामुळे बुडाखाली सहा चिनी अक्षरं दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. आधी माती, मग बुडाचं कडं, मग झिलई, मग रंग, आणि शेवटी शिक्का. युरोपच्या मालात मात्र शिक्का बराच खरं बोलतो.

ही भांडी कोणाला किती वेड लावू शकतात हे सांगायला एकच प्रसंग पुरे. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने १७१७ मध्ये शेजारच्या प्रशिया राज्याला ६०० घोडदळ शिपाई दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. याच राजाने सोनं करून देतो म्हणणाऱ्या ब्यॉटगर नावाच्या तरुणाला डांबून ठेवलं होतं. त्याच्या आणि चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या खटपटीतून १७०८-०९ मध्ये युरोपला पोर्सेलीनचं गुपित सापडलं आणि १७१० मध्ये मायसेनचा कारखाना निघाला. तोपर्यंत युरोपला ही वस्तू इतकी गूढ वाटायची की तिचं नावच त्यांनी कवडीवरून ठेवलं होतं. इटालियनमध्ये 'पोर्चेलाना' म्हणजे कवडी.

बरण्यांकडे खरेदीदाराने पाठ फिरवली ते बरंच झालं. त्या पोर्सेलीन नाहीत, दगडासारख्या घट्ट भाजलेल्या मातीच्या आहेत, आणि म्हणूनच मीठ, मोहरी, लिंबू यांनी त्यांचं काही बिघडत नाही. बुडाला 'परशुराम' असं वाचता येतंय का बघा. गुजरातेतल्या थानगड-मोरबीच्या परशुराम पॉटरीच्या बरण्या महाराष्ट्रातल्या घराघरांत होत्या, आणि ती उभी करणारे गणपुळे मराठी. आपल्या देशात मराठी माणसाने घडवलेल्या या उद्योगाच्या वस्तू आपणच भंगारात घालतो याचं मला फार वाईट वाटतं. हिंदीत बरणीला 'मर्तबान' म्हणतात, ते ब्रह्मदेशातल्या मर्ताबान बंदरावरून. तिथून मोठमोठ्या झिलईदार बरण्या साऱ्या आशियात जात. तुमच्या बरण्यांना तडा नसेल तर येत्या उन्हाळ्यात कैरीचं लोणचं त्यातच घाला.

गुलाबी वाटीत आणि सोनेरी किनारीच्या कपांत मात्र आंबट काही ठेवू नका. झिलईवरच्या जुन्या रंगांत शिसं असतं, ताक, लिंबू, चिंच ते सोडवून घेतात. सोनेरी कड असलेलं काहीही मायक्रोवेव्हमध्ये नको. धुवायचं तेव्हा प्लॅस्टिकच्या टबात जुना टॉवेल अंथरून, कोमट पाण्यात, साध्या सौम्य साबणाने, एका वेळी एकच. बशा भिजत घालू नका. सुकल्यावर दोन बशांमध्ये मऊ कापडाचा तुकडा ठेवा. भिंतीवर टांगायच्या तारेच्या कड्या टाळा, त्यांच्या ताणाने जुनी चीर पुढे सरकते.

विकण्याचं सांगायचं तर एकगठ्ठा देऊ नका. बशांना खरा भाव बाराच्या संचाला, अकरांना तेवढा नाही, आणि तडे असले की तो झपकन खाली येतो. जुनं म्हणजे महाग असंही नसतं. १८२२ मध्ये बुडालेल्या 'टेक सिंग' या चिनी जहाजातून साडेतीन लाखांच्या आसपास चिनी भांडी वर आली आणि २००० मध्ये लिलावात गेली. त्यातली साधी वाटी तुमच्या वाटीइतकीच जुनी असून सामान्य माणसाच्या आवाक्यातली होती. कायदाही लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशातल्या नातेवाइकाच्या बॅगेतून वाटी पाठवायचा विचार कोणी सुचवला तर नाही म्हणा. खरेदीदाराला परवाना विचारायलाही संकोच करू नका.

संग्रह सुरू करायचाय याचा मला मनापासून आनंद झाला. वर्षभर काही विकत घेऊ नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा आणि दोराब टाटा यांच्या संग्रहांतली चिनी-जपानी भांडी आहेत, तिथे एक पूर्ण दिवस द्या. जमलं तर हैदराबादचं सालारजंग संग्रहालय बघा. आणि आपल्या बुधवारच्या बाजारात फुटक्या बशांचे तुकडे मिळाले तर ते जरूर उचला. अखंड बशीत माती दिसत नाही, तुकड्यात दिसते. माझ्याकडे बिस्किटांच्या तीन डब्यांत असे तुकडे आहेत आणि मी जे शिकलो त्यातलं निम्मं त्यांच्यावरच शिकलो. मग एकच वाट धरा. मी तुमच्या जागी असतो तर नाशिकच्या वाड्यांत काय-काय आलं, कुठून आलं, एवढंच गोळा केलं असतं. वाडे झपाट्याने जातायत, आणि हे काम बाहेरचा कोणी येऊन करणार नाही.

थाळा दाखवायला आणाल तेव्हा तो उभा धरून रिक्षातून आणू नका. दोन उशांमध्ये आडवा ठेवा आणि मांडीवर घ्या. वाटी वेगळी, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून. आणि मामांना नक्की बरोबर आणा, ती वाटी कोणी जोडून आणली होती हे त्यांनाच आठवण्याची शक्यता आहे.